नुसतं पिस्तूल रोखून गाडी नेली, तर अमेरिकेत फेडरल कारजॅकिंग सिद्ध होतं का?

तुम्ही विचारलंय: पिस्तूल रोखलं, किल्ली घेतली, गाडी नेली, मालकाला ओरखडाही आला नाही, मग त्यात ‘जिवे मारण्याचा हेतू’ कुठून आला? कायद्यात तो शब्द आहे, आणि अनेक खटले याच मुद्द्यावर अडतात.

फेडरल, म्हणजे केंद्रीय, कारजॅकिंगचं (धाकाने गाडी हिसकावण्याचं) कलम आहे अमेरिकी संहितेच्या 18व्या शीर्षकातलं 2119. सप्टेंबर 1992 मध्ये मेरीलँडमध्ये भारतीय वंशाच्या एका रसायनशास्त्रज्ञ बाईंची गाडी दोघांनी हिसकावली. त्यांचा हात सीटबेल्टमध्ये अडकला आणि गाडीने त्यांना जवळपास 2 मैल फरफटत नेलं. मागच्या सीटवरची चिमुकली मुलगी वाचली, त्या वाचल्या नाहीत. देशभर संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यात हा कायदा झाला. त्या दोघांवरचे खटले अर्थातच राज्याच्या न्यायालयात चालले, कारण नवा कायदा जुन्या गुन्ह्याला लागत नाही.

मूळ कलमात आरोपीकडे बंदूक असणं आवश्यक होतं. 1994 मध्ये ती अट काढली आणि तिच्या जागी ‘जिवे मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू’ आला. बचाव पक्ष लगेच म्हणू लागला की आरोपीला फक्त गाडी हवी होती, माणूस मारायचा नव्हता. 1999 च्या हॉलोवे खटल्यात सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी हा युक्तिवाद फेटाळला. ‘दिली नाहीस तर मारीन’ असा सशर्त हेतूही पुरतो. त्या प्रकरणात साथीदारानेच साक्ष दिली होती की बेत गाड्या पळवण्याचा होता, कोणाला इजा करण्याचा नव्हता, पण कोणी त्रास दिला असता तर आपण बंदूक चालवली असती. एका गाडीवाल्याने किल्ली द्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा हॉलोवेने त्याच्या तोंडावर ठोसा मारला होता.

त्याच निकालातलं दुसरं वाक्य लोक विसरतात: नुसती पोकळ धमकी हेतू सिद्ध करायला पुरत नाही. म्हणजे धाक दाखवला हे एक, आणि खरंच मारायची तयारी होती हे वेगळं. दोन्ही स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागतात. म्हणून सरकारी वकील बारीकसारीक तपशील गोळा करतात. पिस्तुलात गोळ्या होत्या का? नळी डोक्याला टेकवली होती की लांबून दाखवली? नेमके शब्द काय होते? कोणाला मारलं, ढकललं का? पिस्तूल सापडलंच नाही आणि साक्षीदाराने ते धड पाहिलेलंही नाही, तर पुरावा पातळ होतो. शिवाय हेतू पाहायचा तो गाडी मागितली किंवा ताब्यात घेतली त्या क्षणाचा. नंतर पाठलागात कोणी जखमी झालं म्हणून आधीचा हेतू आपोआप सिद्ध होत नाही.

कलमातल्या ‘माणसाकडून किंवा त्याच्या समोरून’ गाडी नेणं या शब्दांचा अर्थ मात्र कोर्टांनी सैल धरलाय. माणूस गाडीत बसलेला असायलाच हवा असं नाही. धाक नसता तर गाडी त्याला आपल्या ताब्यात ठेवता आली असती, एवढं पुरतं. कॅरिबियनमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या सेंट थॉमस बेटावर समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्यांकडून किल्ली घेतली आणि वर रस्त्यालगत, नजरेआड उभी असलेली गाडी नेली. तिथेही शिक्षा कायम राहिली.

उरतो तो सगळ्यात कोरडा मुद्दा, आणि नेमका तोच कधी कधी विसरला जातो: गाडी कधीतरी राज्याबाहेरून किंवा परदेशातून आलेली असली पाहिजे. साधा दरोडा हा राज्याचा विषय. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, अधिकार आंतरराज्यीय व्यापारातून येतो. चोराने सीमा ओलांडायची गरज नाही. केंटकीतल्या जॉर्जटाउनच्या कारखान्यात बनलेली टोयोटा कॅमरी दुसऱ्या राज्यातल्या अटलांटात पळवली, तर काम झालं. पुरावा म्हणजे 17 अक्षरी चासी नंबर: पहिलं अक्षर देश सांगतं, अकरावं कारखाना. कंपनीचा माणूस किंवा वाहनचोरीचा जाणकार साक्षीला येतो, नाहीतर दोन्ही पक्ष हे लेखी मान्य करून मोकळे होतात.

शिक्षा 15 वर्षांपर्यंत, गंभीर इजा झाली तर 25 पर्यंत, मृत्यू झाला तर जन्मठेप किंवा देहदंडही. प्रयत्नालाही हेच कलम. पण इजेचा आरोप आरोपपत्रात असावा लागतो आणि ज्यूरीपुढे तो वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधीशाने शिक्षा सुनावताना तो परस्पर जोडायचा नाही. 1999 च्याच जोन्स खटल्यात पीडिताच्या कानाचा पडदा फाटला होता, पण ज्यूरीला ते विचारलंच नव्हतं, म्हणून 25 वर्षांची शिक्षा टिकली नाही. तुमच्या उदाहरणात पिस्तूल आहे, त्यामुळे गुन्ह्यात बंदूक वापरण्याबद्दलचं, त्याच शीर्षकातल्या कलम 924 चं क उपकलमही लागू शकतं: पिस्तूल उगारल्याबद्दल किमान 7 वर्षं, झाडल्यास 10, आणि तीही आधीची शिक्षा संपल्यावर भोगायची.