गावातल्या निवृत्त गुरुजींना पद्मश्री मिळावी म्हणून काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की गुरुजींनी करवीर तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी आयुष्य घातलं, गावानं कात्रणांची जाडजूड फाईल केलीय आणि आता आमदारांचं शिफारसपत्र आणायचं चाललंय. फाईल बाजूला ठेवा. पत्रासाठीची खेपही वाचवा.

पद्मचं नामांकन फक्त ऑनलाइन होतं, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. कोणीही कोणाचंही करू शकतो, स्वतःचंसुद्धा. २०२६ च्या पुरस्कारांसाठी मुदत १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ होती. तारखा बदलतात, पोर्टलवर बघत राहा. गुरुजी निवृत्त आहेत हे बरंच, कारण डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर नोकरीतला सरकारी माणूस पद्मसाठी पात्र नसतो.

खरं वजन आहे ते नामांकनासोबतच्या, जास्तीत जास्त ८०० शब्दांच्या टिपणाला, आणि माती होते ती तिथेच. ‘ज्ञानदानाचं पवित्र कार्य’, ‘हाडाचे शिक्षक’, ‘विद्यार्थीप्रिय’ यातच निम्मी जागा जाते. पहिल्या शंभर शब्दांत अडचण मांडा: दिवाळीच्या आगेमागे बीडकडून टोळ्या येतात, हंगाम संपेपर्यंत फडावर राहतात, पोरं ना तिकडच्या शाळेत ना इकडच्या. मग गुरुजींनी नेमकं काय केलं ते. वर्ग कुठे भरवला, खोपीजवळ की कारखान्याच्या आवारात? किती वाजता, कारण मोठी पोरं पहाटे आईबापांबरोबर फडात जातात. टोळी परत निघाली की शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित पोरांचं शिक्षण पुढच्या शाळेत चालू राहावं म्हणून दिलं जाणारं) देऊन मूळ शाळेशी पाठपुरावा केला का? दरवर्षी पटावर किती पोरं होती, त्यातली दहावीपर्यंत किती पोचली? आकडे हजेरीपटावरून घ्या, सत्काराच्या भाषणांतून नको. शेवटचे दीडशे शब्द गुरुजी निवृत्त झाल्यावर काय टिकलं आणि कुठल्या शाळेनं ते उचललं यासाठी ठेवा. आधीचे पुरस्कार दोन ओळींत उरका.

टिपण इंग्रजीत किंवा हिंदीत करा, समितीत मराठी वाचणारं कोणी असेलच असं नाही. डीटीपीवाल्याकडून हिंदी मजकूर घेणार असाल तर युनिकोडमध्येच मागा. श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं पोर्टलवर चिकटवलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटतात. आणि शब्द आधीच मोजून ठेवा.

आता तुमच्या काकांचं म्हणणं, की मागून मिळाला तो पुरस्कार कसला. हा वाद मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की स्पष्टच सांगतो, मला तो अजिबात पटत नाही. नोबेलला स्वतःचं नाव देता येत नाही, पण तिथेही पात्र असलेल्या दुसऱ्या कोणीतरी ३१ जानेवारीच्या आत लेखी नाव सुचवावंच लागतं. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांना १९६५ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण मिळालं. संशोधकाचं काम छापून जगभर जातं. गुरुजींचं काम शाळेच्या कपाटात, हजेरीपटात पडून आहे. ते कोणी लिहून कळवलंच नाही तर दिल्लीला कळणार कसं? चांगल्या माणसाचं काम नीट लिहून पाठवणं ही लाचारी नाही. चार पानं लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनी नंतर ‘खऱ्या माणसाला कोण विचारतं’ म्हणून गळा काढू नये.

गुरुजींना ‘तुमची निवड झालीय, नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आलाय म्हणता, तिथे एक रुपयाही देऊ नका. पुरस्कारात पैसा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. २६ जूनला कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात दिल्या जाणाऱ्या राजर्षी शाहू पुरस्कारात १ लाख रुपये मिळतात, भरावे लागत नाहीत. पद्मला रोख रक्कम नाही, पण नामांकनाला शुल्कही नाही. शुल्काऐवजी स्मरणिकेची जाहिरात किंवा पाहुण्यांचे पास गळ्यात मारले तरी प्रकार तोच.

अर्थात टिपण चांगलं झालं म्हणजे पद्मश्री येतेच असं नाही. तिन्ही पद्म मिळून वर्षाला साधारण १२० चीच मर्यादा आहे, मरणोत्तर आणि परदेशस्थ वगळून. मरणोत्तर सहसा देतही नाहीत, तेव्हा गुरुजींचं वय बघता पुढच्या वर्षावर ढकलू नका. आणि मिळालीच, तर चौकातल्या फलकावर किंवा पत्रिकेत नावाआधी ‘पद्मश्री’ लावू नका. पद्म ही पदवी नाही, नावाला जोडता येत नाही, हे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. तसं वापरलं तर सन्मान काढूनही घेता येतो.