पट्टी लहान आली म्हणून नमुना ओतून देऊ नकोस

वय लिहिलं आहेस म्हणून एकेरीतच लिहितो. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात: फोंड्याची ही मुलगी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी क्लॅमिडोमोनास या हिरव्या शेवाळावर काम करते. हवेतला कार्बन पकडणाऱ्या रुबिस्को या प्रथिनाच्या लहान उपघटकाचा (तुकड्याचा) वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने पट्टीसारखं उठवून दाखवलं. जनुकावरून काढलेलं वजन 20 किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) थोडं वर, पट्टी मात्र 16 च्या जवळ. गाईड म्हणतात नमुना कुजला. दुसरं एक प्रथिन हरितलवकातलं म्हणून निवडलं, तर सॉफ्टवेअर सांगतं ते मायटोकॉन्ड्रियाकडे जाणार. आणि उन्हाळ्यात आगरवाड्याच्या मिठागरातलं ड्युनॅलिएला हे शेवाळ आणून तोच ब्लॉट करायचा बेत आहे.

तुझा नमुना बहुतेक ठणठणीत आहे.

रुबिस्कोचे मोठे आठ आणि लहान आठ असे सोळा तुकडे. मोठा तुकडा हरितलवक स्वतःच्या डीएनएवरून स्वतःच बनवतं. लहान तुकड्याची जनुकं मात्र केंद्रकात, त्यामुळे तो बाहेर पेशीद्रवात तयार होऊन मग आत जातो. बाहेर तयार होतो तेव्हा त्याची लांबी 185 अमिनो आम्लं. त्यातली पहिली 45 ही नुसती आत शिरण्यापुरती शेंडी, इंग्रजी पुस्तकात जिला ट्रान्झिट पेप्टाइड म्हणतात ती. आत पोचला की स्ट्रोमातलं, म्हणजे हरितलवकाच्या आतल्या द्रवातलं, एक जस्तवालं प्रोटीएज (प्रथिनं कापणारं विकर) ती शेंडी छाटतं आणि 140 उरतात. साडेचार-पाच किलोडाल्टन गेले कुठे, याचं उत्तर हे. कापलेली शेंडीही पडून राहत नाही, दुसरं प्रोटीएज तिचा भुगा करतं. कापल्यावर उघड्या पडलेल्या पहिल्या मेथिओनिनवर एक मिथाइल गटही चढतो, पण तो जेलवर दिसण्याइतका जड नाही.

गाईडना सांगायला एक गोष्ट. 1977 मध्ये डॉबरस्टाइन, ब्लोबेल आणि चुआ यांनी याच शेवाळाचा आरएनए गव्हाच्या अंकुराच्या अर्कात वाचून घेतला, म्हणजे त्यावरून प्रथिनं बनवून घेतली, तर लहान उपघटक त्यांच्या जेलच्या मापाने नेहमीपेक्षा सुमारे साडेतीन किलोडाल्टनने मोठा आला. त्यात शेवाळाचाच अर्क मिसळल्यावर तो कापला जाऊन योग्य मापाचा झाला. हरितलवकाची प्रथिनं आधी पूर्ण बनतात आणि मग आत जातात, हे ध्यानात यायला हा प्रयोग फार कामी आला. ब्लोबेलना 1999 चं नोबेल प्रथिनांच्या अंगभूत पत्त्यांच्या शोधासाठी मिळालं.

तरी कुजण्याची शंका फेडून घे, अर्ध्या दिवसाचं काम आहे. एक मिली कल्चर फिरवून खाली बसलेला हिरवा गोळा थेट एसडीएस या साबणासारख्या द्रव्याच्या सॅम्पल बफरमध्ये उकळ. मधे ना बर्फ, ना सोनिकेटर (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारं यंत्र), प्रोटीएजला वेळच द्यायचा नाही. शेजारच्या लेनमध्ये तुझा नेहमीचा नमुना चालव. दोन्हीकडे एकाच उंचीवर एकच धारदार पट्टी आली तर पेशीनेच ती तशी कापलेली आहे. कुजलेल्या नमुन्यात खाली फराटा उतरतो किंवा दोन-तीन फिकट पट्ट्यांची शिडी दिसते, आणि ती दर वेळी वेगळी येते. पूर्ण लांबीचं पूर्वरूप साध्या ब्लॉटमध्ये दिसेल ही आशा मात्र सोड. छाटणी इतक्या लवकर उरकते की ते साठतच नाही.

आत जाणं कसं होतं हेही विचारलंस. तू खाजनातली मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या बांधातली झडपेची दारं, पाहिली असशीलच. भरती आली की पाण्याच्याच दाबाने दारं मिटतात, ओहोटीला उघडतात, माणसाने हात लावायचं कारण नाही. हरितलवकाच्या दोन पडद्यांतलं दार तसं फुकट चालत नाही. बाहेरच्या पडद्यात टॉक, आतल्यात टिक, आणि क्लॅमिडोमोनासमध्ये दोन्ही मिळून एकच सलग यंत्र. 2022 साली त्याची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली रचना आली, त्यात 14 घटक ओळखता आले. बाहेर शेंडी ओळखणारी प्रथिनं जीटीपी खर्च करतात, आतून ओढणारी एटीपी जाळतात, दोन्ही पेशीची इंधनंच. प्रथिनाची घडी उलगडून ते दोऱ्यासारखं ओवलं जातं, घडी पुन्हा घालायला आत शॅपेरॉन बसलेले असतात. मला यात सगळ्यांत गंमत वाटते ती टिक214 ची. दाराचा हा एक मोठा खांब हरितलवकाच्या स्वतःच्या जीनोममधून येतो, टिक20 सारखे बाकीचे बाहेरून येतात, तेही याच दारातून. आधीचं दार असल्याशिवाय नवं दार बसत नाही. पेशीविभाजनात प्रत्येक पिल्लाला हरितलवकाचा वाटा आयता मिळतो म्हणून हे निभतं.

सॉफ्टवेअरचा घोळ मात्र खरा आहे आणि त्यात तुझी चूक नाही. क्लॅमिडोमोनासची शेंडी वरच्या दर्जाच्या वनस्पतींपेक्षा आखूड असते. तिच्यातला एक भाग असा वळतो की एका अंगाला पाणी आवडणारी, दुसऱ्या अंगाला न आवडणारी अमिनो आम्लं येतात, आणि हा थाट मायटोकॉन्ड्रियाच्या पत्त्याचा. फ्रान्झेन, रोशे आणि फॉन हाइने यांनी हे 1990 मध्येच दाखवलं होतं. वाटाणा आणि अरॅबिडॉप्सिस वाचून तयार झालेलं सॉफ्टवेअर इथे फसतं. हिरव्या शेवाळांसाठीच 2012 मध्ये केलेलं प्रेडअल्गो वापरून बघ. तेही ब्रह्मवाक्य नव्हे, पण निदान त्याला या गावची भाषा कळते.

त्या दुसऱ्या प्रथिनाला टॅग (ओळखायची खूण) लावणार असशील तर सी-टोकाला, म्हणजे शेवटाला, लाव. एन-टोकाला, म्हणजे सुरुवातीला, लावलास तर शेंडी झाकली जाते, किंवा प्रथिन आत गेलंच तर शेंडीबरोबर तुझा टॅगही कापून जातो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. हिस्टिडीनची माळ पुढच्या टोकाला लावून मी तीन महिने अँटिबॉडीला शिव्या घातल्या आहेत, नवी बाटली मागवली आहे, आणि एका सोमवारी आठवड्याचे नमुने बेसिनमध्ये ओतले आहेत. क्लोनचा नकाशा समोर भिंतीवरच चिकटवलेला होता.

प्रथिन थायलाकॉइडच्या, म्हणजे हरितलवकातल्या चपट्या पिशव्यांच्या, आतल्या पोकळीतलं असेल तर कापाकापी दोनदा होते, एकदा स्ट्रोमात आणि दुसऱ्यांदा आतला पडदा ओलांडल्यावर. प्लास्टोसायनिन हे तांब्यावर चालणारं प्रथिन घे: 145 अमिनो आम्लांचं बनतं, कामाला लागतात 98. ते उलगडलेलं सेक वाटेने जातं, तर काही प्रथिनं घडीसकट टॅट वाटेने. प्लास्टोसायनिनची पट्टी आलीच नाही तर आयात बंद पडली असं समजू नकोस, आधी माध्यमातलं तांबं बघ. तांबं नसेल तर हे शेवाळ प्लास्टोसायनिन मोडून टाकतं आणि लोहावर चालणारं सायटोक्रोम सी6 कामाला लावतं. उलट तांबं मुद्दाम वगळून प्रयोग करायचा तर काच आम्लाने धुतल्याशिवाय सुरुवात करू नकोस. आमचं ‘तांबंमुक्त’ माध्यम फ्लास्कच्या भिंतीतूनच तांबं घेत होतं. आणि हरितलवकात जन्मलेली प्रथिनंही छाटणीतून सुटत नाहीत. पाणी फोडणाऱ्या यंत्रातल्या डी1 या प्रथिनाचं मागचं टोक कापल्याशिवाय मँगनीजचा गुच्छ त्यावर बसत नाही.

आता ड्युनॅलिएला. ते क्लॅमिडोमोनासचं नातलग, पण त्याला पेशीभित्तिका नाही, त्यामुळे फोडायला सोपं आणि सांडायलाही सोपं. साध्या पाण्याने धुतलंस की पेशी फुटून निम्मं प्रथिन गेलं. जितक्या खारटपणात वाढलं तितक्याच मिठाच्या पाण्यात हळू फिरव, वरचं पाणी पिपेटने पूर्ण उपस. मीठ शिल्लक राहिलं तर जेलवर पट्ट्या वाकड्या पळतात आणि तू पुन्हा मापाच्या घोळात पडशील. गोळा नारिंगी दिसला तर घाबरू नकोस, ते बीटा कॅरोटीन आहे. पण मग क्लोरोफिल मोजून लेन सारख्या भरू नकोस, प्रथिन मोजून भर. शेजारच्या लेनमध्ये क्लॅमिडोमोनास ठेवच, म्हणजे अँटिबॉडी दुसऱ्या जातीत चालते की नाही ते त्याच दिवशी कळेल. नमुना आणायला मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. एकदा पाऊस लागला की आगरात गोडं पाणी भरतं, मग पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल.