मुलाची उधारी कोणी फेडायची?

प्रश्न : मुलगा 31 वर्षांचा आहे. आयटीआय झालेला, एमआयडीसीत नोकरी होती. सहा वर्षांत दारू वाढत गेली. सूनबाई नातवाला घेऊन माहेरी आहे. यांची पेन्शन त्याची पतपेढी आणि हातउसने फेडण्यात जाते. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, पण बाहेर आला की महिना-दोन महिन्यांत पुन्हा सुरू. दीर म्हणतात, घराबाहेर काढा. मन धजत नाही आणि आता सोसवतही नाही. काय करावं? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, मुलाला हाकलून देणं आणि त्याचं सगळं निस्तरत बसणं, या दोहोंच्या मधेही वाट आहे. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांचे ‘अल-अनॉन’ नावाचे गट 1951 पासून चालतात. तिथे आलेल्या माणसाला सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगतात : हे व्यसन तुम्ही लावलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात राहणार नाही आणि तुम्ही ते बरंही करू शकणार नाही. तुमच्या हातात आहे ते तुमचं स्वतःचं वागणं. तिथूनच सुरुवात करू.

एक वही घ्या. गेल्या तीन महिन्यांत त्याच्यासाठी काय काय केलंत ते लिहून काढा आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा : यानं त्याचं पिणं सोपं झालं का? दोन वेळचं जेवण, अंथरूण, दवाखाना यांनी ते सोपं होत नाही. पतपेढीचा हप्ता, बारची उधारी, गाडीचं पेट्रोल, सुपरवायझरला ‘त्याला ताप आलाय’ म्हणून केलेला फोन, यांनी होतं. ही दुसरी यादी बंद करायची आहे, पण एका दिवसात सगळी नको. आधी फक्त पैसे.

सर्वांत जास्त चूक इथेच होते. आई-वडील रागाच्या भरात ‘आजपासून एक रुपया मिळणार नाही’ म्हणतात, तिसऱ्या दिवशी आरडाओरडा होतो, पाचव्या दिवशी रडारड आणि आठव्या दिवशी पैसे दिले जातात. त्यातून तो इतकंच शिकतो की आठ दिवस लावून धरलं की पैसे सुटतात. म्हणून जे कायम पाळता येईल तेवढंच बोला. तुम्ही दोघांनी आधी एकमत करा. वडील नाही म्हणतात आणि आई डाळीच्या डब्यातून काढून देते, असं चालणार नाही. मामा, आत्या, शेजारचा दुकानदार यांनाही स्पष्ट सांगून ठेवा. एटीएमचा पिन बदला, तुमचं बँक खातं त्याच्या मोबाइलवर असेल तर काढा, सोनं लॉकरमध्ये ठेवा आणि जामीनदार म्हणून कुठेही सही करू नका. सज्ञान मुलाच्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर ते फेडण्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. वसुलीवाले दारात आले तर त्यांनाही हेच सांगा.

त्याच्याशी बोलायचं ते तो शुद्धीत असताना. सकाळी हात थरथरत असतात तेव्हाही नको, चहा-नाश्ता झाल्यावर बोला. चार वाक्यं पुरेत : ‘तू आमचा आहेस. घरात तुझं जेवण आणि झोपायची जागा आहे. पंधरा तारखेपासून तुझा हप्ता किंवा उधारी आम्ही भरणार नाही. उपचाराला चल म्हणशील त्या दिवशी मी तुझ्याबरोबर येईन.’ मागचा हिशेब काढू नका, सुनेचा विषय काढू नका, देवापुढे शपथ घालू नका. शपथ मोडली की तो लाजेनं आणखी लपवून पितो.

मग रोजचं वागणं. प्यायलेला आला की वाद न घालता बाजूला व्हा. न पिता घरी आला की आवर्जून त्याच्याजवळ बसा, सोबत जेवा, कामाचं बोला. हे लाड नव्हेत. घरच्यांना असं वागायला पद्धतशीर शिकवण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 64 टक्के घरांतला व्यसनी माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीत ते प्रमाण 30 टक्के होतं.

काही ठिकाणी मात्र हात काढून घ्यायचा नाही. तो दारात निपचित पडला असेल तर कुशीवर वळवा, तोंड खाली झुकलेलं ठेवा. लिंबूपाणी, ताक, कॉफी काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हलवून उठत नसेल, श्वास थांबत-थांबत येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर लगेच 108. धोका नाही अशी खात्री झाली की त्याला तिथेच राहू द्या, पण अधूनमधून श्वास पाहत राहा. उलटीनं भरलेला शर्ट आणि चादर सकाळी त्यानंच धुवायची. रात्रीतून सगळं स्वच्छ करून ठेवलंत, तर काय झालं ते त्याला दिसतच नाही.

रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका. शेवटच्या पिण्यानंतर 6 ते 24 तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम होऊ शकतात. त्यात जीवही जातो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे.

‘जिवाचं बरंवाईट करीन’ म्हणाला तर ते नाटक समजू नका. पैसे द्यायचे नाहीत, पण एकटंही सोडायचं नाही. फवारणीची औषधं घरातून हलवा आणि 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोला.

दोन वेळा केंद्रात राहिला ते वाया गेलं असं मानू नका. या आजारात स्लिप होतात, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिणं घडतं. बहुतेकदा कमी पडतो तो बाहेर आल्यानंतरचा पाठपुरावा. पुढच्या वेळी केंद्र निवडताना विचारा : मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, त्यांच्यासाठी वेगळ्या बैठका होतात का, सुट्टी झाल्यावर किती महिने बोलावतात? पुण्यात 1986 पासून चाललेल्या मुक्तांगणसारख्या संस्थेत कुटुंबाला उपचाराचा भाग मानतात. बांधून ठेवतात किंवा मारतात असं कळलं तर तिथे ठेवू नका. साखळीनं बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. तो तयार नसला तरी तुम्ही अल-अनॉनच्या बैठकीला जा, त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.

प्रश्न : भाजीत गुपचूप मिसळायची गोळी मिळते, तिनं दारू सुटते म्हणतात. देऊ का? – अहिल्यानगर

उत्तर : नको. अशा गोळीत बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, जोरात उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. त्याला माहीतच नसल्यामुळे तो नेहमीएवढीच पिणार, हा खरा धोका. शिवाय कळल्यावर घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो. तो स्वतः तयार असेल, तर यकृताची तपासणी करून डॉक्टर हेच औषध देतात. तेव्हा ते तुमच्यासमोर रोज घेणं उपयोगी पडतं. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, हे दोघांनीही लक्षात ठेवा.

प्रश्न : भाऊ पिऊन आईवर हात उचलतो. ती 64 वर्षांची आहे, तक्रार करू देत नाही. – एक बहीण, ठाणे

उत्तर : मारहाण सुरू असताना समजूत घालायची नाही, 112 लावायचा. भांडण वाढतंय असं दिसताच आईनं स्वयंपाकघरात थांबू नये, तिथे सुऱ्या असतात. बाहेरच्या दाराजवळ यावं. औषधं, आधार कार्ड, थोडे पैसे आणि एक जोडी कपडे यांची पिशवी शेजारी ठेवून द्या. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आई मुलाविरुद्ध अर्ज करू शकते. मारहाण थांबवण्याचा आणि गरज पडल्यास त्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. अर्जासाठी महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. ती साठीच्या पुढची असल्यानं 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर त्याची माहिती मिळेल. तक्रार केली म्हणून त्याच्या उपचाराची दारं बंद होत नाहीत, हे आईला सांगा. दवाखान्याचे कागद आणि जखमांचे तारखेसह फोटो मात्र तुमच्याजवळ ठेवा, घरात ठेवू नका.