पुतण्यासाठी खोटा जबाब द्यावा का?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्याने वडिलांची स्कूटर बाहेर काढली आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एका वृद्ध गृहस्थांना धडक दिली. त्यांच्या मांडीचे हाड मोडले आहे. मी गॅलरीत उभी होते, त्यामुळे सारे माझ्या डोळ्यांदेखत घडले. माझ्या दिरांनी मात्र पोलिसांना सांगितले की गाडी तेच चालवत होते. जखमी आजोबा म्हणतात की गाडीवर कोवळा पोरगा होता. त्यावर दीर सांगतात की त्यांचा चष्मा पडला होता, त्यांना काय दिसणार. आता पोलीस माझा जबाब नोंदवायला येणार आहेत. मुलाच्या आयुष्याचे वाटोळे होईल म्हणून जाऊबाई हात जोडत आहेत आणि यजमान म्हणतात की घरची गोष्ट घरातच राहू दे. मुलाला वाचवण्यासाठी बोललेले खोटेही पाप ठरते का?
– एक भगिनी, कराड

उत्तर : पोलिसांशी खोटे बोलणे कोणत्याही प्रसंगी अक्षम्यच असते, असे मी म्हणणार नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी भूमिगत असताना ज्या घरांनी त्यांना आसरा दिला, त्या घरांनी ब्रिटिशांच्या पोलिसांना खरा ठावठिकाणा सांगितला नाही आणि त्याबद्दल त्यांना कोणी दोष देत नाही. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने जिवाच्या भीतीने रानात लपलेल्या माणसांचा पत्ता दरोडेखोरांना खरा खरा सांगितला, त्यांची हत्या झाली आणि कौशिक नरकात गेला. या दोन्ही ठिकाणी खऱ्या उत्तराने ज्याच्यावर अन्याय झाला असता, तो माणूस दाराआड लपलेला होता. आपल्या प्रसंगात अन्याय सोसणारा माणूस मोडलेल्या मांडीने अंथरुणावर पडला आहे आणि आपल्याकडून मागितले जाणारे खोटे त्याच्याच विरुद्ध वापरले जाणार आहे.

आपल्या पत्रातील चष्म्याचे वाक्य मला सर्वांत अधिक खुपले. आजोबा जे खरे सांगत आहेत, ते आपल्या एका जबाबाने म्हातारपणाचा भ्रम ठरेल. नुकसानभरपाईचा त्यांचा दावा पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब यांच्या आधारेच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभा राहणार, आणि त्यांचे म्हणणे एका बाजूला व कागदपत्रे दुसऱ्या बाजूला असली, तर विमा कंपनीचा वकील नेमके तिथेच बोट ठेवील. पाय गमावल्यासारखी स्थिती झालेल्या माणसाची विश्वासार्हताही आपण काढून घ्यावी का, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि माझे उत्तर स्पष्टपणे नकाराचे आहे.

जाऊबाईंची भीती मी हलकी मानत नाही, परंतु ती बरीचशी चुकीच्या ठिकाणी आहे. मुलगा अठरा वर्षांखालील असल्यामुळे त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणातील निर्णयामुळे त्याच्या पुढील आयुष्यात अपात्रतेचा शिक्का बसत नाही. खरी टांगती तलवार दिरांवर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत मुलाने गाडी नेली, हे सिद्ध करण्याची संधी पालकाला कायद्यानेच दिली आहे. किल्ली खरोखर न विचारता घेतली असेल, तर दिरांनी तेच सांगावे. चालक आपण होतो असे सांगून मात्र ते हा बचाव स्वतःच्या हाताने सोडत आहेत.

आपले काय, हेही सांगायला हवे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० नुसार तपासात विचारलेल्या प्रश्नांना खरे उत्तर देणे बंधनकारक आहे. स्वतःवर गुन्हा ओढवेल अशा प्रश्नाला उत्तर नाकारण्याची मुभा आहे, पण पाहिलेले खरे सांगितल्याने आपल्यावर कोणताही गुन्हा येत नाही, त्यामुळे तो आडोसा आपल्याला नाही. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन चालकाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याच्या आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपांवरून वडीलधारी माणसे आणि डॉक्टरही अटकेत गेले. अपघाताच्या वेळी त्यांच्यापैकी कोणीही गाडी चालवत नव्हते.

पोलीस येण्यापूर्वीच जाऊबाई आणि दीर यांना समोर बसवून सांगा की विचारल्यास मी पाहिले तेच सांगणार आहे, म्हणजे दिरांना वकिलाचा सल्ला घेऊन आपला जबाब स्वतःहून दुरुस्त करता येईल. त्यांना अंधारात ठेवून बोलणे मला योग्य वाटत नाही. साक्षीदार म्हणून स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब आपल्या घरीच घ्यावा लागतो. जे पाहिले तेवढेच सांगा, वेगाविषयी किंवा चुकीविषयी अंदाज बांधू नका, आणि तपासातील अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेता येत नाही, हे लक्षात असू द्या.