वाचकांचे प्रश्न : अर्पणाच्या पैशांत घट येते तेव्हा

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आमची ख्रिस्ती मंडळी असून तीत चाळीसेक कुटुंबे आहेत. बहुतेक जण कोरडवाहू शेतकरी किंवा शेतमजूर आहेत. पाळकसाहेबांकडे चार गावे असल्यामुळे ते महिन्यातून दोनच रविवारी येतात. उपासना झाल्यावर अर्पणाची थैली आमचे एक ज्येष्ठ पंच घरी नेतात, मोजतात आणि तालुक्याच्या बँकेत भरण्यासाठी सोमवारी किंवा मंगळवारी रक्कम माझ्याकडे देतात. जूनपासून ही रक्कम कमी होत गेली. त्यातच आता हंगामाच्या सणाला अर्पण म्हणून आलेल्या शेतमालाच्या लिलावात, लोकांनी बोललेली बोली आणि वहीतील जमा यांत बाराशे रुपयांचा फरक निघाला आहे. हे पंच निवृत्त शिक्षक आहेत आणि देऊळ बांधताना त्यांनी पदरचे पैसे घातले होते. तरुण संघातील मुले म्हणतात, नोटांचे नंबर टिपून त्यांना पकडू या. एक गृहस्थ म्हणतात, बायबलमधील आखानाची चोरी यहोशवाने चिठ्ठ्या टाकून शोधली, तशा चिठ्ठ्या टाका. आणि पाळकसाहेबांचे मत असे की, झाले गेले प्रभूवर सोपवून विषय मिटवावा. मी खजिनदार आहे. मी काय करावे?
— एक खजिनदार, यवतमाळ जिल्हा

उत्तर : चोरी झाली, असे सिद्ध करणारे आपल्या पत्रात काहीही नाही, आणि ती झाली नाही, असे सिद्ध करणारेही काही नाही. जी रक्कम देवळात कोणीच मोजली नाही, ती घरी पोहोचेपर्यंत घटली, असे म्हणायला आधार कोणता? पंच निर्दोष असतील तर आज त्यांच्याजवळ ते दाखवण्याचे साधन नाही, आणि ते दोषी असतील तर आपल्याजवळ नाही. ही अवस्था पंचांनी एकट्यांनी आणलेली नसून इतकी वर्षे थैली मुकाट्याने त्यांच्या हवाली करणाऱ्या सगळ्या कमिटीने आणलेली आहे, हे आधी मान्य करावे लागेल.

घट मोजताना शेजारच्या दोन महिन्यांची तुलना करू नये. आपल्या भागात सोयाबीन विकले जाते तेव्हा, आणि दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी चालू असते तेव्हा, थैलीत जे पडते ते पेरणीच्या दिवसांत पडत नाही, कारण जून-जुलैत घरातला शेवटचा रुपया बियाण्याला आणि खताला गेलेला असतो. म्हणून मागील दोन-तीन वर्षांच्या वहीतील त्याच महिन्यांचे रविवार काढावेत आणि त्या त्या वर्षी पीक कसे होते, हेही शेजारी लिहावे. एवढे केल्यावरही खड्डा दिसत राहिला, तरच त्याला घट म्हणावे. जे पाकिटात नाव घालून दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतात, त्यांची पाकिटे अधिक उपयोगी आहेत. देणाऱ्याने सांगितलेली रक्कम आणि वहीतील रक्कम यांचा मेळ दोन जणांनी बसून घालता येतो.

लिलावाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे निदान बोलीचा आकडा आहे. पण लिलावात कोहळ्याला, कोंबडीला किंवा पायलीभर तुरीला उत्साहाने बोली लावणारा माणूस पुष्कळदा “कापूस गेला की देतो” असे सांगून माल घरी नेतो, आणि ती उधारी कोणाच्याच वहीत चढत नाही. म्हणून कोणी काय घेतले, किती बोलले आणि किती दिले, याची यादी कमिटीतील दोघांनी घरोघर जाऊन करावी. बाराशे रुपये उधारीत सापडले तर प्रश्न तिथेच संपला. “मी त्याच दिवशी पंचांच्या हातात दिले” असे दोन-तीन घरांतून स्वतंत्रपणे कळले आणि वहीत नोंद नसली, तर मात्र आपल्याजवळ पहिल्यांदाच विचारण्याजोगी गोष्ट आली.

ही चौकशी चालू असतानाच पुढच्या रविवारपासून मोजणीची पद्धत बदलावी, आणि ती बदलण्यासाठी कोणावर संशय असल्याचे सांगू नये. कमिटीचा ठराव करावा की, यापुढे अर्पण उपासना संपताच देवळातच, पुढच्या बाकावर, सर्वांना दिसेल असे मोजले जाईल. मोजणारे दोघे असतील, ते एका घरातले नसतील आणि दर महिन्याला बदलतील. लहान गावात सगळेच एकमेकांचे सोयरे असतात, त्यामुळे “नातेवाईक नकोत” हा नियम शब्दशः पाळता येणार नाही. निदान सासरा-जावई आणि भाऊ-भाऊ तरी एकत्र बसवू नयेत. शंभराच्या किती, पन्नासाच्या किती, नाणी किती, अशी फोड कागदावर कार्बन ठेवून लिहावी, दोघांनी सह्या कराव्यात, एक प्रत पैशांबरोबर आणि दुसरी आपल्याकडे ठेवावी, आणि एकूण आकडा त्याच वेळी मंडळीला वाचून दाखवावा. अमुक रविवारी अमुक रुपये जमले हे चाळीस घरांना ठाऊक झाले, की बँकेच्या पासबुकात तेवढेच दिसले पाहिजेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यात अविश्वास आहे, अशी कुरकुर होईल. अशा वेळी बायबलमधील राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचून दाखवावा. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांच्या हाती जाई आणि दुरुस्ती मात्र होत नसे. तेव्हा यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजत व पिशव्यांत बांधत. तिथे एकाही याजकाचे नाव घेऊन त्याला चोर ठरवलेले नाही. पद्धत तेवढी बदलली. प्रेषित पौलानेही यरुशलेमेसाठी जमवलेल्या वर्गणीबरोबर तीत या आपल्या सहकाऱ्याखेरीज मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवला, आणि कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून आपण असे करतो, असे करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिले. पौलाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्या पंचांनाही वाटू नये.

रविवारी बँक बंद असते, ही अडचण खरी आहे. मोजलेले पैसे कागदासह कापडी पिशवीत घालून, शिवून, त्यावर दोघांच्या सहीची चिठ्ठी लावावी आणि दोन कुलपांच्या कपाटात ठेवावेत. दोन किल्ल्या दोन घरी असाव्यात. सोमवारी जो बँकेत जाईल त्याने भरण्याची पावती त्याच कागदाला टाचावी. गावात किंवा शेजारच्या गावात बँकेचे ग्राहक सेवा केंद्र असेल, तर तालुक्याची खेपही वाचेल. मोबाइलवरून अर्पण देणारे आता खेड्यातही आहेत. त्यासाठी भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असावा. सोयीसाठी म्हणून खजिनदाराने स्वतःच्या खात्याचा कोड लावला, तर उद्या संशयाची पाळी आपल्यावर येईल.

नोटांचे नंबर टिपण्याचा बेत मोडून काढावा. पंचांच्या खिशातून ती नोट काढणार कोण? कोणाची झडती घेण्याचा अधिकार तरुण संघाला नाही, तसाच कमिटीलाही नाही; आणि देवळाच्या पायरीवर म्हाताऱ्या माणसाचा खिसा उलटा केला गेला, तर त्यात काहीही न सापडले तरी तो प्रसंग गाव विसरणार नाही. चिठ्ठ्यांविषयी एवढेच सांगतो की, यहोशवाने जे केले ते देवाच्या थेट आज्ञेवरून केले, आणि आखानाच्या डेऱ्यातून मालही निघाला. आपल्या चिठ्ठीत ज्याचे नाव येईल त्याच्या घरातून काय निघणार आहे?

आता समजा, यादी आणि पाकिटे पाहून फरक पंचांकडेच जात आहे, असे ठरले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आधी एकट्याने, मग एक-दोघांना बरोबर घेऊन आणि शेवटी मंडळीपुढे, असा क्रम आहे. परंतु पैशाच्या बाबतीत आपण एकट्याने जाऊ नये, कारण पुढे “असे बोलणे झालेच नव्हते” असे दोन्ही बाजूंना म्हणता येते. शिवाय तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांवरील (म्हणजे पंचांसारख्या ज्येष्ठांवरील) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, अशी ताकीद आहे. पाळकसाहेब आणि आपण, असे दोघांनी त्यांच्या घरी जावे. कबुली मागू नये, हिशेब मागावा. “गुरुजी, ही तीन घरे पैसे दिल्याचे सांगतात, वहीत नोंद नाही, आपल्याला काही आठवते का?” या प्रश्नाला प्रामाणिक माणूस उत्तर देऊ शकतो आणि चुकलेला माणूस परत फिरू शकतो. निवृत्तिवेतन अडकलेले असणे, घरात दवाखान्याचा खर्च निघणे, वर्षानुवर्षे पदरचे घालता घालता मंडळीचे आणि आपले पैसे यांतील रेघ पुसली जाणे, अशी कारणेही पुढे येऊ शकतात. ती ऐकून घ्यावीत. त्यांनी रक्कम कमी होत नाही, पण त्या घराला मंडळीने कशी मदत करावी, हे मात्र त्यावरून ठरते.

पाळकसाहेबांशी माझा मतभेद आहे तो इथे. क्षमा करणे हे त्यांचे काम आहे आणि त्यांनी ती मनापासून करावी, पण वहीतील फरक माफ करण्याचा अधिकार त्यांना नाही, कारण ते पैसे मजुरी करून अर्पण देणाऱ्या बायाबापड्यांचे आहेत. आपली मंडळी स्वतंत्रपणे नोंदलेली असो की मोठ्या संस्थेच्या न्यासाखाली असो, तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. त्याच्या कलम ३२ प्रमाणे नियमित हिशेब ठेवावे लागतात, आणि कलम ३४ प्रमाणे लेखापरीक्षकाला न्यासाचे झालेले नुकसान, तसेच येणे रक्कम वसूल करण्यात झालेली कसूर, आपल्या अहवालात नमूद करावी लागते. म्हणून परतफेड हप्त्यांनी झाली तरी चालेल, पण ती पावती देऊन, वहीत “येणे वसूल” म्हणून दाखवून घ्यावी. कोणी रात्री येऊन गुपचूप थैलीत टाकलेले पैसे हिशेबात बसत नाहीत.

त्यानंतर पंचांकडे पैशाचे काम राहू नये. उपासना चालवणे, मुलांना शिकवणे ही कामे कमिटीच्या विचाराने पुढे देता येतील. मात्र त्यांच्या घरी जाणे-येणे बंद करणे, त्यांना देवळात येऊ न देणे, घरात मयत झाल्यास कबरस्तानात जागा नाकारणे, असले काही कोणाच्या मनात असेल तर त्याला वेळीच थांबवावे. पदावरून दूर करणे वेगळे आणि वाळीत टाकणे वेगळे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा धर्मसमुदायांनाही लागू असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

पोलिसांकडे केव्हा जावे? रक्कम मोठी आहे, वह्या दाखवल्या जात नाहीत किंवा पाने फाडली गेली आहेत, आणि विचारूनही हिशेब मिळत नाही, अशा वेळी कमिटीने ठराव करून जावे. सोपवलेल्या पैशाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारीपात्र न्यासभंग ठरतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार ठरावाच्या प्रतीसह, कागदांच्या आधारे आणि आरोपाची विशेषणे न लावता लिहावी. चहाच्या टपरीवर नाव घेऊन बोलणाऱ्यावर मात्र बदनामीची तक्रार उलटू शकते, हे तरुण संघाला समजावून सांगावे.

प्रश्न : आमच्याकडे थैली फिरवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला नोटा काढताना मंडळीतील दोन बहिणींनी पाहिले. त्याची आई विधवा असून निंदणीच्या मजुरीवर घर चालवते. कमिटीतील काही जण त्याला ठाण्यात नेऊन दम भरायला सांगतात.
— पंचकमिटीच्या एक सदस्या, अमरावती जिल्हा

उत्तर : नेऊ नये. मूल अठरा वर्षांखालील असल्यामुळे किशोर न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. साध्या चोरीसाठी अशा मुलावर सहसा गुन्हा दाखल न करता बालकल्याण पोलीस अधिकारी दैनंदिनीत नोंद घेतो आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह ती बाल न्याय मंडळाकडे पाठवतो. “दम भरणे” हा प्रकार या कायद्यात नाही. आईला कमिटीपुढे बोलावू नका. ज्यांनी पाहिले त्या दोघींपैकी एकीने पाळकबाईंना बरोबर घेऊन संध्याकाळी, ती रोजावरून परत आल्यावर, तिच्या घरी जावे आणि मुलाच्या समोरच बोलावे. पैसे कशासाठी घेतले, हे त्याच्या तोंडून ऐकावे. शाळेची फी, मोबाइलचा रिचार्ज आणि कोणा मोठ्या मुलाची धमकी, या तीन कारणांची तीन वेगळी उत्तरे आहेत. रक्कम त्याने देवळाची झाडलोट करून फेडली तरी पुरे, पण काम इतर मुलांबरोबर असावे, म्हणजे ती शिक्षेची पाटी होणार नाही. थैली काही काळ दुसऱ्याकडे द्यावी, आणि कोणाचीही थैली मागच्या दाराशी न थांबता सरळ पुढे यावी, अशी व्यवस्था करावी. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याचे नाव किंवा फोटो टाकणे हा त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा होऊ शकतो. कोणी टाकला असेल तर आजच काढायला लावावा.

प्रश्न : रात्री देवळाचे कुलूप तोडून दानपेटी फोडली. आत दोन-अडीचशे रुपयेच असतील. एवढ्यासाठी पोलिसांकडे जावे का?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : जावे. पैसे थोडे असले तरी कुलूप तोडून आत शिरणे ही घरफोडी आहे, आणि हिशेबात ती रक्कम का आली नाही, याचा कागद आपल्याजवळ असायला हवा. पंचनामा होईपर्यंत पेटीला आणि दाराला हात लावू नये. फोटो काढून ठेवावेत. तक्रारीत रक्कम अंदाजे असल्याचे तसेच लिहावे, फुगवू नये. गुन्हा नोंदवला की प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. पंचक्रोशीतील मंदिराच्या, बुद्धविहाराच्या किंवा दर्ग्याच्या पेटीलाही त्याच आठवड्यात हात लागला आहे का, हे त्यांच्या विश्वस्तांना विचारावे, कारण असे चोर बहुधा एकाच वाटेने तीन-चार ठिकाणे करतात आणि चार तक्रारी एकत्र आल्या की तपासाला दिशा मिळते. यापुढे पेटी दर रविवारी दोघांनी रिकामी करावी आणि आठवडाभर तिचे झाकण उघडे ठेवावे, म्हणजे खिडकीतून पाहणाऱ्याला ती रिकामी असल्याचे दिसेल आणि निदान कुलपाचा खर्च वाचेल.