पॉलीहाऊसमधल्या ढोबळीवरचा कोळी: फवारणीआधी पान उलटं करून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरजवळ दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस, त्यात ढोबळी मिरची आणि एका कडेला काकडीच्या चार ओळी. पानांवर पांढुरके बारीक ठिपके, काकडीवर तर जाळी धरलेली. दर आठवड्याला निंबोळी तेल मारतोयस, तरी वाढतंच आहे. परदेशात बंद खोलीत दिव्याखाली भांगेची झाडं वाढवणारे लोक कोळ्यावर दुसरा कोळी सोडतात असे व्हिडिओ बघितलेस, आणि रासायनिक काही न मारता ते आपल्याकडे जमेल का, असं विचारलंस. काका म्हणालास म्हणून एकेरीवरच येतो.

आधी व्हिडिओंचं बोलू. कीड तीच आहे, टेट्रानिकस अर्टिकी, म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. भांगेची लागवड आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली सरकारी परवानगीशिवाय गुन्हा आहे, त्यामुळे ते पीक आपलं नाही. पण त्यांच्या खोलीचं आणि तुझ्या पॉलीहाऊसचं दुखणं एकच. वरून पाऊस नाही, वारा बेताचा, आणि कोळ्याला खाणारे किडे बाहेरच राहतात. उघड्या रानात वळवाचा एक दणका पाऊस जे काम करून जातो, ते आत कोणीच करत नाही. तिकडे फुलोरा आला की तेल, साबण, गंधक सगळं बंद करावं लागतं. फूल चिकट असतं, मारलेलं त्यातच राहतं आणि धुरावाटे थेट फुफ्फुसात जातं. म्हणून ते लोक मित्रकोळ्यावर, म्हणजे कोळ्याला खाणाऱ्या कोळ्यावर, एवढे अवलंबून असतात. तुला तेवढी अडचण नाही. तुझं फळ धुऊन खातात, त्यामुळे तुझ्या हातात साधनं जास्त आहेत.

आता तुझं निंबोळी तेल का चालत नाही ते बघ. माझ्या मते तेलाचा दोष नाही, वेळापत्रकाचा आहे. तीस अंशाच्या आसपास या कोळ्याचं अंडं तीनेक दिवसांत फुटतं आणि अंड्यापासून अंडी घालणारी मादी व्हायला आठवडा पुरतो. वीस अंशाला त्यालाच दोन आठवड्यांच्या वर लागतात. तेल आणि साबण हे अंगावर पडलं तरच मारतात, पानावर राहून नंतर काही करत नाहीत, आणि अंडी बरीचशी वाचतात. म्हणजे तू सोमवारी मारलंस, गुरुवारी अंडी फुटली, पुढच्या सोमवारपर्यंत नवीन पिढी अंड्यावर आली. मार्च ते मे या दिवसांत पॉलीहाऊसच्या आत बाहेरपेक्षा जास्त तापतं, तेव्हा आठवड्याची फवारणी म्हणजे त्यांच्या मागून चालत जाणं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या अंतरानं लागोपाठ तीन फवारण्या घे, मग थांबून लेन्सनं बघ. थंडीत सात-आठ दिवसांचं अंतर चालतं. यात नर नसला तरी मादी अंडी घालते. त्यांतून नर निघतात, आणि मग पुढचं सगळं सुरू. त्यामुळे एखादी मादी राहिली तरी काय होतंय, असं समजू नकोस.

दुसरी गोष्ट पानाच्या खालच्या बाजूची. कोळी तिथंच बसतो, तिथंच अंडी घालतो. बहुतेक गडीमाणसं पंप घेऊन ओळीतून चालत जातात आणि वरून पान ओलं करतात. वरून चकाकतं, खालून कोरडं. नोझल वर तोंड करून, झाडाच्या बुडापासून वर नेत मारायला लागतं. फवारणी झाल्यावर मधल्या उंचीची चार पानं उलटी करून बोट फिरव. कोरडं लागलं तर पैसे वाया गेले म्हणून समज.

मिश्रण नीट होतंय का तेही बघ. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ मिली निंबोळी तेल, म्हणजे लिटरला पाच मिली. आधी थोड्या कोमट पाण्यात १५ ते ३० ग्रॅम साधा मऊ साबण विरघळव, त्यात तेल थोडं थोडं ओतत ढवळ, सगळं पांढरं एकजीव झालं की मग बाकीचं पाणी. वर तेलाची तवंग दिसली तर ते मारू नको, पानं भाजतील. आपल्या पूर्वेकडच्या बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबण फाटतो आणि वर साय धरतो. तुझ्याकडं तसं होत असेल तर विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घे. आधी काचेच्या बरणीत करून अर्धा तास ठेवून बघायचं. ऊन उतरल्यावर मारायचं, आणि पहिल्यांदा दोन-चार झाडांवर मारून दोन दिवस थांबायचं. काकडीचं पान ढोबळीपेक्षा नाजूक असतं.

गंधकाचं सांगतो, कारण कोणीतरी सांगणारच. ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक सेंद्रिय शेतीतही चालतं आणि कोळ्यावर काम करतं. पण ३२ अंशाच्या वर पान जाळतं. काकडीवर्गाला तर त्याचा धोका जास्तच. तेल मारल्यापासून दोन आठवडे गंधक नाही, गंधकानंतर दोन आठवडे तेल नाही. आणखी एक, जे दुकानदार सहसा सांगत नाही: गंधक पॉलीहाऊसच्या कागदावर, म्हणजे वरच्या प्लास्टिकवर, बसत राहिलं की कागदाचं आयुष्य कमी होतं. तुझा कागद किती वर्षांचा आहे ते बघून ठरव. मी ते थंडीतच, ढोबळीवरच, लिटरला दोन ग्रॅमनं वापरतो.

इथं एक शंका. तू लिहिलंस की ढोबळीच्या शेंड्याची काही पानं वाकडी झालीत. ती खाली वळून उलट्या होडीसारखी दिसतायत का? देठ लांब, पान अरुंद, मागची बाजू तांबूस-चकचकीत? तर तो दुसरा कोळी, पिवळा कोळी. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, जाळी करत नाही, कोवळ्या शेंड्यातच राहतो. पानं वर वळलेली असतील तर फुलकिडे. संकेश्वरी मिरची करणाऱ्यांना हा मुरडा, म्हणजे पानं वळण्याचा प्रकार, नवा नाही, पण बरेच जण सगळ्यालाच व्हायरस समजून झाडं उपटतात. पिवळ्या कोळ्याला गंधक चांगलं लागू पडतं आणि फवारा शेंड्यात जायला पाहिजे. दोन ठिपक्यांच्या कोळ्याचा फवारा खालून, याचा शेंड्यावर. दोन्ही असतील तर दोन्हीकडं.

दहापट मोठं दाखवणारी लेन्स घे, फार महाग नसते. पांढऱ्या कागदावर पान आपट आणि बघ. हळूहळू सरकणारे, पाठीवर दोन काळसर डाग असलेले ते शत्रू. त्यांच्यात एखादा चकचकीत, पेअरच्या आकाराचा, डागाविना, झपाझप पळणारा दिसला तर तो मित्रकोळी. टाचणीच्या डोक्याएवढा काळा ढालकिडा, म्हणजे स्टेथोरस, दिसला तर तोही आपलाच. हे दिसायला लागले की तेल थांबव, नुसतं पाणी मार. गंधक आणि तेल या मित्रांनाही मारतं. अर्धवट सेंद्रिय करणाऱ्यांचं बहुतेक इथंच फसतं: मित्र यायला लागतात तेवढ्यात पुढची फवारणी पडते.

मित्रकोळी विकत मिळतो का? परदेशी व्हिडिओत दिसतो तो फायटोसेयुलस पर्सिमिलिस. तो आपल्याकडं सहज मिळत नाही आणि बाहेरून असा जिवंत किडा आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली परवानगी लागते, कुरिअरनं मागवायची गोष्ट नाही. आपल्या देशातला निओसेयुलस लाँगिस्पायनोसस हेच काम करतो आणि आपल्या हवेला सरावलेला आहे. बेंगळुरूची एनबीएआयआर ही केंद्र सरकारची संस्था मित्रकीटकांवरच काम करते, तिथं विचार. त्याआधी जवळ म्हणजे अरभावीचं बागायत महाविद्यालय किंवा मत्तिकोपचं कृषी विज्ञान केंद्र, तिथं पान घेऊन जा. कन्नडमध्ये 'जेड नुसी' म्हटलं की लगेच कळतं. पण कोळी सोडून आधीची जाळी साफ होईल ही आशा धरू नको. मित्रकोळी सुरुवातीला सोडायचा असतो, पानामागे चार-दोन दिसतात तेव्हा. जाळी धरल्यावर नव्हे.

बुरशीजन्य औषधांत हिर्सुटेला कोळ्यासाठीच ओळखली जाते. पण तिला ओलावा पाहिजे, म्हणून ती पावसाळ्यात चांगली चालते. एप्रिलच्या कोरड्या हवेत तिच्यावर पैसे घालू नको. दशपर्णी, म्हणजे दहा प्रकारच्या पाल्याचा अर्क, मी स्वतः करतो, इतर किडींना बरा आहे, कोळ्यावर भिस्त ठेवण्याजोगा नाही. ताक, अंडी, दारू वगैरेंबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तंबाखूबद्दल मात्र म्हणायचं आहे. निपाणीकडचे पाहुणे हमखास तंबाखूचा काढा सांगतील, चुरा फुकट मिळतो म्हणून. नको. निकोटीन कातडीतून अंगात जातं, फवारणाऱ्याला चक्कर-उलटी होते, कोळ्यावर त्याचा जोर फारसा नाही, आणि तंबाखूचा मोझॅक व्हायरस ढोबळीला लागतो. गडी तंबाखू मळून तसाच झाडांना हात लावत असेल तर तेही बंद कर, आत जाण्याआधी साबणानं हात धुवायला लाव.

'हर्बल', 'जैविक' म्हणून विकतात त्या बाटल्यांचंही बघ. घटक लिहिलेले नाहीत, नोंदणी क्रमांक नाही, आणि दोन तासांत कोळी मरतो म्हणतात, तर आत काय असेल ते तूच समज. रासायनिक नको म्हणून तू एवढी धडपड करायची आणि बाटलीतून तेच यायचं. सिंथेटिक पायरेथ्रॉइडनं तर कोळी उलट वाढतो, कारण त्याला खाणारे आधी मरतात.

हवा आणि पाणी. कोळ्याला कोरडं, गरम आणि धुळीचं आवडतं. तुझं पॉलीहाऊस रस्त्याला लागून असेल आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या धूळ उडवत जात असतील, तर त्या बाजूची पहिली ओळ आधी बघत जा. दुपारी फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारा) दोन-तीनदा थोडा थोडा वेळ चालव, पण संध्याकाळी पान ओलं राहील असं नको, नाहीतर काकडीवर केवडा रोग आणशील. सकाळी एचटीपी पंपानं (जास्त दाबाच्या फवारणी पंपानं), झाडाला सोसेल एवढ्या दाबानं, खालून नुसतं पाणी मारलं तरी पुष्कळ कोळी आणि जाळी धुऊन जाते. नत्र जरा आवर. पालेदार, हिरवंगार, रसाळ झाड त्यांना फार मानवतं. पाण्याचा ताणही देऊ नको.

दाराशी घेवड्याची दोन-तीन झाडं कुंडीत लाव. घेवडा कोळ्याला इतका आवडतो की प्रयोगशाळेत कोळी वाढवायलाही तोच वापरतात. तिथं ठिपके दिसले की आत यायच्या वेळेला झालंय समजायचं, आणि ते झाड काढून नवं लावायचं. मात्र ते रोज बघणार नसशील तर लावूच नको.

आणि तुझ्या त्या काकडीच्या चार ओळी. जाळी वेलाच्या शेंड्यापर्यंत गेली असेल तर त्या वाचवायच्या मागं लागू नको. काकडीचा दर काय असेल तो असो, तिथून कोळी ढोबळीवर जातोय. शेंड्याला गोळा झालेले कोळी धाग्यानं लोंबतात आणि कपड्याला चिकटून पुढच्या बेडवर जातात. म्हणून वेल ओढत दारापर्यंत न्यायचा नाही. जागेवरच खताची रिकामी पिशवी वरून घालायची, मग बुडात कापायचं, तोंड बांधायचं आणि बाहेर उन्हात टाकायचं, उकिरड्यावर उघडं नाही. हे काम दिवसाच्या शेवटी करायचं, म्हणजे त्याच कपड्यांनी परत ढोबळीत जायला लागत नाही. त्याच संध्याकाळी ढोबळीला पहिली फवारणी, खालून. काकडीच्या रिकाम्या बेडवर तण राहू देऊ नको, आणि बाहेरून पॉलीहाऊसच्या कडेचं गाजरगवत, एरंड, वांग्याचं एखादं उरलेलं झाड असेल तर तेही काढ. तिसरी फवारणी झाली की ढोबळीच्या पानाच्या मागच्या बाजूचा, लेन्स मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं धरून काढलेला फोटो टाक, मग गंधकाचं ठरवू.