मोती बसऱ्याचे की कल्चर?

प्रश्न : आजीची चिंचपेटी इतवारीत दोन सराफांना दाखवली. एक म्हणाला बसऱ्याचे मोती, दुसरा म्हणाला कल्चर. कसं ओळखावं? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : बसऱ्याचा मोती म्हणजे इराणी आखातातला नैसर्गिक मोती, कल्चर म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला. दातावर घासून खरखर लागली, तर मोती नकली नाही एवढंच कळतं. कल्चर मोतीही तसाच खरखरतो. पटवेकऱ्याकडून (दागिने ओवणाऱ्याकडून) एक मोती सोडवून घ्या आणि १० पटीच्या भिंगातून छिद्राची कड बघा. पापुद्रा सुटलेला असेल तर लेप दिलेला नकली मणी. आतला मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये रेघ असेल तर मणी घालून वाढवलेला कल्चर. रेघ नाही म्हणून बसरा म्हणू नका, कारण गोड्या पाण्यातल्या बहुतेक चिनी मोत्यांत मणी नसतोच. पक्कं उत्तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतला एक्स-रे देतो. तोवर चिंचपेटी कृपा करून विकू नका!

किमतीत चमक फार मोलाची. ट्यूबलाइटखाली धरा : नळीचं प्रतिबिंब रेखीव दिसलं तर उत्तम, दुधाळ पसरलं तर हलका. मग आकार, गोलाई, डाग.

आपल्याकडच्या मे महिन्यात मोती तापत्या भिंतीच्या कपाटात ठेवू नका. ओल गेली की तडकतात. मऊ सुती कापडात गुंडाळा. अत्तर लावून झाल्यावरच घाला.